नकाशा कुठाय? परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, परभणी

विषय : जिल्ह्यातील नाट्यगृहे, सभागृहे व टॉकीज यांचे मूळ नकाशे शोधून एका जागी जतन करण्याबाबत.

महोदय,



विषयाची ओळ मुद्दाम कचेरीच्या भाषेत लिहिली, कारण तशी असल्याशिवाय पत्र आवक-जावकच्या टेबलावरून पुढे सरकत नाही. पुढचं माझ्या भाषेत लिहितो. हे पत्र व्यक्तीला नाही, खुर्चीला आहे. खुर्चीतली माणसं दोन-तीन वर्षांत बदलतात, खालच्या मजल्यावरचा अभिलेख कक्ष मात्र जागच्या जागी राहतो. माझं काम त्या खोलीशी आहे.

मी हौशी रंगभूमीवरचा माणूस, पण नट नाही. मी दिवे लावतो. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, शाळांची गॅदरिंगं, गणपतीतले प्रयोग यांत तीसेक वर्षं गेली. प्रेक्षकांनी माझं तोंड पाहिलेलं नाही, पण मराठवाड्यातल्या बऱ्याच सभागृहांची छतं मी शिडीवर चढून जवळून पाहिली आहेत. कुठल्या छताला हूक आहेत, कुठला बार हललेला आहे, कुठल्या मंचाच्या डाव्या विंगेत जागाच नाही, हे सगळं डोक्यात आहे. कागदावर मात्र कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

नव्या गावात प्रयोग लागला की आधी फोन करायचा आणि विचारायचं, स्टेज केवढं आहे? उत्तर ठरलेलं असतं : ‘मोठंय सर, काळजी करू नका.’ एकदा अशाच मोठ्या स्टेजवर आम्ही सकाळी अकराला टेम्पो लावला. नेपथ्य तीस फुटांचं बांधून नेलेलं. पडद्याची चौकट मोजली तर सव्वीस फूट. संध्याकाळी सातला तिसरी घंटा. शेवटी आमच्या नेपथ्यकाराने गावातल्या सुताराची करवत आणली आणि वाड्याचा दिंडीदरवाजा मधोमध कापला. त्या रात्री वाड्याचे मालक घरात शिरताना अंग चोरून शिरत होते. परीक्षकांना ते दिग्दर्शकाचं प्रतीक वाटलं असावं, शेऱ्यात तसं लिहून आलं होतं!

हा हसण्यावारी न्यायचा किस्सा. दुसरा तसा नाही.

मराठवाड्यातल्याच एका गावी (नाव सांगत नाही, तिथल्या माणसांनी मला मदतच केली) सभागृहाची दुरुस्ती निघाली होती. काम सुरू होण्याआधी जुना नकाशा बघावा म्हणून मी तिथल्या कार्यालयात गेलो. एका बाबूंनी तासभर शोधून कपाटामागून एक सुरळी काढली. वरचं वर्तमानपत्र पिवळं पडलेलं, सुतळी सुटेना. आतला कागद अमोनिया प्रिंटचा. निळसर रेघा तपकिरी कागदात विरघळत चाललेल्या. तळमजल्याचा आराखडा वाचता येत होता, खुर्च्यांच्या ओळी मोजता येत होत्या. खाली कोपऱ्यात सभागृहाचा उभा छेद होता आणि मला नेमका तोच हवा होता, कारण मंचापासून छतापर्यंतची उंची त्यातच असते. सुरळी कधीतरी घडी घालून ठेवलेली असावी. मी उलगडली आणि तो कोपरा घडीवर तुटून टेबलावर पडला. बाबूंनी फुंकर मारली. उंचीचा आकडा त्या भुश्शातच होता.

ते म्हणाले, ‘‘जाऊ द्या सर, आता नवंच करायचंय.’’

त्या दुरुस्तीत सभागृहाला नवं फॉल्स सीलिंग लागलं, भिंतींना चकचकीत टाइल्स लागल्या, खुर्च्या गुबगुबीत झाल्या. पूर्वी शेवटच्या रांगेत माइकशिवाय ऐकू येणारा नट आता सहाव्या रांगेत घुमायला लागला. आधीचं छत उतरतं का होतं, मागची भिंत खडबडीत का ठेवली होती, याचं उत्तर त्या छेदात होतं. ज्याने ते आखलं त्याला ठाऊक होतं. ज्याने बदललं त्याला विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आता तुम्हालाच का लिहितो ते सांगतो.

महापालिकेची सभागृहं महापालिकेकडे, नगरपरिषदांची नगरपरिषदांकडे, जिल्हा परिषदेची जिल्हा परिषदेकडे, मग जिल्हाधिकाऱ्यांचा संबंध काय, असं कुणीही म्हणेल. संबंध जुना आहे आणि थेट आहे. सिनेमा दाखवायचा तर १९५३चा अधिनियम आणि १९६६चे नियम यांनुसार परवाना लागतो. मुंबईबाहेर जिल्ह्यात तो देणारा जिल्हादंडाधिकारी, म्हणजे तुमचीच खुर्ची. त्या अर्जासोबत जागेचे आणि इमारतीचे नकाशे जोडावे लागत. बाहेर पडायचे दरवाजे किती, जिने किती रुंद, मशीनची खोली कुठे, हे कागदावर दाखवल्याशिवाय तिकीट विकता येत नव्हतं. नाटक-तमाशाच्या जागांसाठी १९६०चे वेगळे नियम. म्हणजे परभणी, सेलू, गंगाखेड, मानवत, जिंतूर, पूर्णा इथल्या ज्या टॉकीजमध्ये आपल्या आधीच्या पिढ्यांनी सिनेमे पाहिले, आणि सभागृह नसलेल्या गावांत फिरत्या नाटक कंपन्यांचे प्रयोगही पाहिले, त्यांचे नकाशे सगळ्यात आधी शोधायचे ते तुमच्याच करमणूक कर शाखेच्या दप्तरात.

आणि त्या शाखेचं काय झालं ते तुम्ही जाणताच. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, राज्याचा करमणूक कर त्यात विरघळला. शाखेचं मुख्य काम संपलं, माणसं दुसऱ्या टेबलांवर गेली. कपाटं कुठे गेली? कर वसुलीच्या नोंदी ‘क’ वर्गात घालून दहा वर्षांनी रद्दीत काढता येतील कदाचित. पण परवान्याच्या फायलीत शिवलेला नकाशा त्याच बस्त्यात असतो. बस्ता उचलणारा माणूस फाईल उघडून बघत नाही. २०१७मध्ये दहा मिळवले की किती होतात ते मी सांगायला नको.

दोन-चार टॉकीजच्या जागी आता कॉम्प्लेक्स उभी आहेत, बाकीच्यांची पाळी येईल. मी टॉकीज वाचवा असं म्हणत नाही. मालकाला परवडत नसेल तर तो पाडणार, त्यात त्याचा दोष नाही. पाडण्यापूर्वी कागद तरी वाचवा, एवढंच म्हणतो.

कोल्हापूरची आठवण ताजी आहे. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात बांधलेलं पॅलेस थिएटर, पुढचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान, तेही महाराजांनीच बांधलेलं. मधे खांब नसलेलं ते सभागृह, तिथली आवाजाची फेक, याबद्दल नटांच्या तीन-चार पिढ्या बोलत आल्या. मंचाखाली विहीर आहे आणि म्हणून आवाज असा भरून येतो, हेही कोल्हापूरकर सांगत आले. आग लागली त्या रात्री माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. दुसऱ्या दिवसापासून एकच मागणी सुरू झाली : होतं तसंच बांधा. सरकारनेही तसंच जाहीर केलं.

इथे माझ्यासारख्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, होतं तसं म्हणजे कसं? भावनेला त्याचं उत्तर लागत नाही, पण बांधणाऱ्या कंत्राटदाराला लागतं. मंचाचा उतार किती होता? सज्जा खालच्या कितव्या रांगेवर येत होता? विहिरीचं तोंड किती फुटांचं, आणि ते मंचाच्या मधोमध की एका अंगाला? हे आठवणींवर बांधायला गेलं तर प्रत्येक नटाचं नाट्यगृह वेगळं निघेल. कोल्हापूरला संस्थान होतं, दरबारी दप्तराची शिस्त होती, शिवाय आगीच्या काही वर्षं आधी मोठं नूतनीकरण झालं होतं, म्हणजे अलीकडची मोजमापंही घेतली गेली असणार. आपल्याकडे उद्या असं काही घडलं, देव न करो, तर मोजायला काय असेल? मोबाइलवरचे सत्कारांचे फोटो. त्यात मंचावर तीस माणसं उभी, आणि मागे फ्लेक्स.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो ना, मग जर्मनीचंच सांगतो. ड्रेस्डेनला गॉटफ्रीड झेम्पर नावाच्या वास्तुविशारदाने ऑपेरागृह बांधलं, १८४१मध्ये. ते १८६९ला जळालं. लोकांनी हट्ट धरला की दुसरंही त्यानेच बांधावं. तो १८४९च्या उठावात सामील झाल्यामुळे परागंदा झालेला होता. मग म्हाताऱ्याने परक्या गावाहून नकाशे पाठवायचे आणि मुलगा मॅनफ्रेडने ड्रेस्डेनमध्ये उभं राहून बांधून घ्यायचं, असं ठरलं. १८७८ला ते पुरं झालं. पुढे १३ फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात तेही गेलं, भिंतींची टरफलं उरली. चाळीस वर्षांनी, त्याच तारखेला, १३ फेब्रुवारी १९८५ला तिथे पुन्हा पडदा वर गेला, झेम्परच्या रचनेबरहुकूम जवळजवळ तशाच सभागृहात. युद्ध हरलेला, दोन तुकडे झालेला देश होता तो. कागद होते म्हणून हे जमलं. आपण त्या म्हणीतलं यमक तेवढं घेतलं, दप्तर सांभाळायची सवय घेतली नाही.

परभणीत तर या गोष्टीला आणखी एक धागा आहे, आणि तो लक्षात आल्यापासून मला चैन पडलेलं नाही. आपल्या गावातल्या सभागृहाला बी. रघुनाथांचं नाव आहे. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३, सातोन्याचे. कविता, कथा, कादंबऱ्या, सगळं लिहिलं आणि चाळिशीतच गेले. पोट भरलं कशावर? निजामाच्या राजवटीतल्या बांधकाम खात्याच्या कारकुनीवर. ७ सप्टेंबर १९५३ला ते गेले ते कचेरीत, काम करता करता. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने आपण सभागृह ओळखतो, त्याचे दिवस इमारतींच्या कागदांच्या फायली शिवण्यात गेले. दर सप्टेंबरात आपण त्यांची आठवण काढतो, भाषणं करतो, चांगली करतो. त्यांच्या खात्याचे कागद कुठे आहेत, हे मात्र आपण कधी विचारलं नाही.

ते विचारायला हवं, कारण आपल्या जिल्ह्याचं दप्तर चार सरकारांत फिरलेलं आहे. १९४८पर्यंत निजाम, १९५६पर्यंत हैदराबाद राज्य, १९६०पर्यंत द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. पुढे १९९९ला हिंगोली वेगळी झाली तेव्हा आणखी एक वाटणी. जुन्या इमारतीचा कागद उर्दूत असू शकतो, हैदराबादच्या पुराभिलेखागारात असू शकतो, छत्रपती संभाजीनगरला असू शकतो, आणि इथेच रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडात ‘संकीर्ण’ या चिठ्ठीखालीही असू शकतो. संकीर्ण हा शब्द मला फार भीतीचा वाटतो. ज्याचा धनी कुणी नाही ते सगळं संकीर्ण.

तुमच्याकडचे काही अधिकारी म्हणतील की इमारत उभी आहे, मग नकाशा कशाला? पाहिजे तेव्हा मोजून घेऊ. मोजा की! मोजणं चांगलंच आहे, पण भिंतीच्या आतलं मोजता येत नाही. स्ट्रक्चरल ऑडिटला येणारा इंजिनिअर चहा घ्यायच्या आधी विचारतो, ड्रॉइंग आहे का? नसेल तर तो कॉलम ठोकून बघतो, मशीन लावून आतली सळई शोधतो आणि खबरदारी म्हणून कडक शेरा लिहितो. तग धरू शकणारी इमारत त्या शेऱ्यावर पडते, किंवा न धरणारी वर्षानुवर्षं ‘पाहणी सुरू आहे’ म्हणून कुलपात राहते. आपल्या नटराज रंगमंदिराच्या अवस्थेबद्दल परभणीचे नाट्यकर्मी किती वर्षं बोलत आहेत, ते तुम्ही कुणालाही विचारा. तिथे दुरुस्ती की पाडकाम हा वाद घालायचाच असेल तर निदान दोन्ही बाजूंसमोर टेबलावर एक नकाशा पसरलेला असावा, एवढी माझी अपेक्षा आहे.

वायरिंगचंही तेच. सभागृहांना आग लागते तेव्हा पहिला संशय शॉर्टसर्किटवर जातो. आमच्या डिमरला थ्री फेज कुठून घ्यायचा हे विचारलं की वॉचमन एक बोर्ड दाखवतो, त्यातून निघालेली तार छतात जाते आणि तिथून पुढे देवाला ठाऊक. २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते देणाऱ्याने विजेचा नकाशा मागितला तर किती ठिकाणी मिळेल, हे एकदा तपासून बघावं.

नकाशा मिळालाच नाही तरी हात टेकायचं कारण नाही. सरकारी बांधकामाची एक वही असते, ती नाट्यवाल्यांना माहीत नसते आणि इंजिनिअर लोक तिचं महत्त्व कुणाला सांगत नाहीत. एमबी, मोजमाप पुस्तक. पाया किती खोल खणला, भिंत किती लांब बांधली, स्लॅब किती इंचांचा पडला, हे कनिष्ठ अभियंत्याने जागेवर मोजून, सही करून लिहिलेलं असतं, कारण बिल त्यावरच निघतं. नकाशात मंच तीस फुटांचा असेल आणि प्रत्यक्षात सव्वीसचा झाला असेल, तर खरं काय ते एमबी सांगते. (आमच्या त्या कापलेल्या दिंडीदरवाजाचं रहस्यही अशाच एखाद्या वहीत असेल.) नकाशा, अंदाजपत्रक, एमबी आणि काम संपल्यावरचा दाखला, हे चार कागद एकत्र आले की बाजारात विकत न मिळणारी इमारतीची कुंडली तयार होते.

शब्द उरले आणि चित्र गेलं की काय होतं, याचा फार जुना दाखला आपल्याच देशातला. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह कसं बांधावं ते सांगितलं आहे. लांबट, चौकोनी, त्रिकोणी असे तीन प्रकार, त्यातलं माणसांसाठी योग्य म्हणून सांगितलेलं चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद, निम्मी जागा प्रेक्षकांना, निम्मी रंगाला. एवढं स्वच्छ. आणि मग येते मत्तवारणी. चार खांबांची, दीड हात उंचीची. ती मंचाच्या दोन्ही अंगांना होती की एकाच, मंचाच्या बाहेर होती की आत, ओटा होता की सज्जा, यावर विद्वानांचं अजून भांडण आहे. गोदावरीबाई केतकरांनी १९२८मध्ये नाट्यशास्त्र मराठीत आणलं, त्यालाही आता शंभर वर्षं होत आली, वाद चालूच. एक रेघ मारलेली असती तर मिटला असता. अर्थात भरतमुनींकडे अमोनिया प्रिंट नव्हता. आपल्याकडे होता, म्हणून आपला गुन्हा मोठा.

या अमोनिया प्रिंटबद्दल दोन शब्द लिहिणं भाग आहे, कारण आपल्या जिल्ह्यातले बहुतेक जुने नकाशे त्याचेच असणार. मूळ रेखाटन ट्रेसिंग कापडावर किंवा ट्रेसिंग पेपरवर, आणि त्यावरून काढलेल्या ह्या प्रती. उजेडात रेघ उडते. अंधारात ठेवली तरी कागद हळूहळू तपकिरी होत जातो, आणि त्यात राहिलेलं रसायन शेजारच्या कागदालाही बाधतं. म्हणजे जपून कपाटात ठेवलेला नकाशासुद्धा तिथल्या तिथे संपत असतो. त्यात आपला मे महिना, पत्र्याखालची रेकॉर्ड रूम, कसर आणि वाळवी. ट्रेसिंग कापड सापडलं तर ते सोन्यासारखं जपा, त्याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. नव्या उत्साहाने कामाला लागलेल्या कार्यालयात पहिली चूक हीच होते. गरम प्लॅस्टिक एकदा चिकटलं की कागद कायमचा गेला. सेलोटेपही नको, तिचा डिंक कालांतराने पिवळा पडून रेघेवर चढतो. घडी नको. सपाट ड्रॉवरमध्ये ठेवावं, नसेल तर जाड नळकांड्यावर बाहेरून गुंडाळावं. मोबाइलवर फोटो काढून ‘डिजिटायझेशन झालं’ असा अहवाल तर मुळीच नको. मोबाइलच्या फोटोत कडा वाकतात, त्यावर मोजपट्टी ठेवली तर दहा फुटांची खोली साडेनऊची निघते. मोठ्या आकाराच्या स्कॅनरवर, रंगीत, शेजारी मोजपट्टी ठेवून स्कॅन करायला हवं. हे सगळं मिळून जो खर्च येईल तो एका स्वागतकमानीपेक्षा कमीच असेल. कमानी आपल्याकडे पुरेशा झाल्या आहेत.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ म्हणतो की सरकारी कागद मनाला येईल तेव्हा फाडता-जाळता येत नाही, आणि कार्यालयाने त्यासाठी जबाबदार अधिकारी नेमायचा आहे. त्याच्या आधारे एक साधं परिपत्रक निघालं तर बरंच काही होईल. करमणूक कर शाखेच्या फायलींचं नष्टीकरण थांबवावं, त्यातले नकाशे सुटे करून ‘अ’ वर्गात घालावेत. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी आपापल्या सभागृहांचे जे कागद असतील त्यांची यादी द्यावी, नसतील तर ‘नाहीत’ असं सहीनिशी लिहून द्यावं. या दुसऱ्या भागावर माझा जास्त भरवसा आहे. ‘नाही’ असं लिहून द्यायची वेळ आली की कपाटं उघडतात. खासगी टॉकीजवाल्यांना विनंती करावी, सक्ती नको. मालकांच्या घरी फ्रेम करून लावलेले दर्शनी नकाशेही असतात, त्यांना स्कॅन करून कागद परत द्यावा. जिथे काहीच नाही तिथे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून मोजमाप करून घ्यावं. लातूर, नांदेड, संभाजीनगर कुठूनही ती मुलं येतील, त्यांना अभ्यासाला असं काम लागतंच. आणि यापुढे जे नवं नाट्यगृह उभं राहील त्याचं शेवटचं बिल, जसं बांधलं तसा नकाशा हातात आल्याशिवाय निघू नये.

सुरक्षेचं कारण पुढे येईल, येऊ द्या. विजेचे आणि कुलूपबंद खोल्यांचे नकाशे कार्यालयात ठेवा. तळमजल्याचा आराखडा आणि उभा छेद सगळ्यांना बघू द्या. कुठल्याही गावच्या नाट्यसंस्थेला टेम्पो भरण्याआधी तेवढंच लागतं.

तंबूंचंही कुणीतरी करायला हवं, हे जाता जाता. तमाशाच्या फडाची राहुटी, कनात, चौक, स्टेज कुठल्या अंतरावर, बायकांची बसायची जागा कुठे, जनरेटर किती लांब, हे फडातल्या कामगारांना तोंडपाठ असतं. दोन तासांत गाव उभं करतात. त्याचा नकाशा मात्र कुठे नाही. ते तुमच्या परिपत्रकात बसणार नाही, आम्हालाच कधीतरी जाऊन काढावं लागेल.

आणखी एका ठिकाणाचं सांगतो, म्हणजे नुसते कागद जपून भागत नाही हेही तुमच्यासमोर राहील. पणजीची कला अकादमी चार्ल्स कोरियांनी आखली. कोरियांनी आपली सहा हजारांहून जास्त रेखाटनं लंडनच्या ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेला दिली, तिथे ती नीट ठेवलेली आहेत, २०१३मध्ये त्यांचं प्रदर्शनही झालं. आणि इकडे नूतनीकरण चालू असताना, १७ जुलै २०२३ला, अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. लंडनला जपलेला कागद पणजीत काम करणाऱ्या हातांपर्यंत पोचायला हवा असतो. म्हणून मी परभणीचे नकाशे मुंबईला पाठवा असं म्हणत नाही. एक प्रत तिकडे जरूर जाऊ द्या, पण एक इथेच, शिडी घेऊन येणाऱ्या माणसाला अर्ज केल्यावर दिसेल अशी राहू द्या.

मी स्वतः काय केलं, असं तुम्ही विचारू शकता. गेल्या दिवाळीनंतर मी एका तालुक्याच्या गावी गेलो, दोन पोरं सोबत घेतली आणि तिथला रंगमंच मोजला. पन्नास फुटी टेप, दोरा, खडू. मंचाची रुंदी, खोली, दोन्ही विंगा, पडद्यामागची जागा, ग्रीनरूमपासून डाव्या एंट्रीची पावलं, सगळं आलेख कागदावर पेन्सिलीने काढलं. सोबत जोडतो आहे. त्यात छताच्या उंचीची जागा मोकळी सोडली आहे. त्या दिवशी सज्ज्यावर जायच्या जिन्याची किल्ली सापडली नाही.

कळावे,
आपला,
एक प्रकाशयोजनाकार

सोबत : पेन्सिलीने काढलेला आराखडा, पान एक. एक माप बाकी.